भंगारवाल्यानं विचारलं, कंपनी कोनती?

गोठ्यामागच्या शेडात वाकून बघत भंगारवाल्यानं विचारलं, "कंपनी कोनती?" आणि आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो.

ट्रॅक्टर माझ्या वडिलांचा. ते गेल्यापासून तो तिथंच उभा होता. वर हळदीची रिकामी पोती, सीटवर आईच्या कोंबड्या. कंपनीची पट्टी कधीच गळून पडलेली, रंग म्हणावा तर गंजाचा. शेड मोकळं करून तिथं हळद ठेवावी म्हणून मीच भंगारवाल्याला बोलावलं होतं.

"निळा व्हता," काका म्हणाले.

"लाल," आत्या म्हणाली. ती गावातच दिलेली, वाद असला की पोचतेच. "माझी वरात त्याच्यावरच निघाली. माझा शालू अन् ट्रॅक्टर, दोन्ही लाल."

"तुझी वरात बैलगाडीतून निघाली," काका म्हणाले.

मी डिझेल आणि ब्रश घेऊन बोनेट घासलं. वर लाल निघाला, त्याखाली निळा. मडगार्ड घासलं तर हिरवं. आता दोघांचंही थोडं थोडं खरं ठरलं, त्यामुळं कुणीच माघार घेईना. वर्षभर बाजेवरून न उठणारे काका शेडाच्या दारात येऊन उभे राहिले आणि त्यांनी भंगारवाल्याला वाटेला लावलं. "ज्याचं नाव माहीत न्हाई ते इकायचं कसं?"

नाव कळावं म्हणून सेनगावचा मिस्तरी आणला. त्यानं इंजिनावर पाना वाजवून एक कंपनी सांगितली. चहा झाल्यावर दुसरी सांगितली. निघताना पहिलीच बरोबर होती म्हणाला. शेवटी इंजिन आणि गिअरबॉक्सवरच्या उठावाच्या नंबरांचे अन् बोनेटचे फोटो काढून मी हिंगोलीला पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदारानं फोटो मोठे करकरून पाहिले. इंजिन एका कंपनीचं, गिअरबॉक्स दुसरीचा, बोनेट तिसरीचंच.

"भाई, ये ट्रॅक्टर नई, पूरी बारात है," तो म्हणाला.

घरी येऊन सांगितलं, तर आई तांदूळ निवडत शांतपणे म्हणाली, "व्हय. त्यांनी दोन मोडके आनून एक केला व्हता. बोनेट मागून बसवलं."

"मग इतके दिवस बोलली काहून न्हाईस?"

"मला कोनी इचारलं?"

दोन मोडक्यांचा एक करायला वडिलांनी किती खटपट केली असेल, याचा मी कधी विचारच केला नव्हता. आता तो भंगारात घालायला माझंच मन होईना. मिस्तरीला पुन्हा बोलावलं. इंजिन जाम होतं. त्यानं नोझल काढून आत तेल सोडलं आणि मुरू दिलं. मग पान्याला लांब पाइप लावून दोघांनी जोर केला तेव्हा ते कुरकुरत फिरलं. सायलेन्सरमधून उंदराचं अख्खं घर निघालं, त्यात आईचा हरवलेला ब्लाऊजही होता. टाकी धुतली, नवी बॅटरी बसवली, डिझेलच्या नळीतली हवा काढली.

मिस्तरी हात धुवायला गेला आणि काका सीटवर चढले. सवयीनं क्लच दाबून पहिला गिअर टाकला अन् सेल्फ मारला. इंजिन खोकलं, पांढरा धूर सोडला आणि धडधडायला लागलं. कोंबड्या शेजाऱ्याच्या पत्र्यावर गेल्या. ट्रॅक्टर काकांना घेऊन शेडाबाहेर निघाला.

"थांबा, क्लच चिकटलेला हाय," मिस्तरी ओल्या हातानं धावला. "बंद करायची वायर बी लावली न्हाई. ब्रेक तर खोललेच न्हाईत."

"मग सांगायचं न्हाई का आधी?"

"तुमी बसताल हे मला काय माहीत?"

गिअरही निघेना. बरं इतकंच, की ट्रॅक्टर माणसाच्या चालीनं चालत होता. काका समोर बघत स्टिअरिंग धरून, एका बाजूला मिस्तरी, दुसऱ्या बाजूला मी. आत्याच्या दारावरून गेलो तेव्हा तीही निघाली. "उतरा की खाली," ती म्हणाली. "उतरलो तर हा जाईल कुठं?" काका म्हणाले. ते बरोबर होतं. एक वळसा घालून वरात पुन्हा आमच्या दारात आली. आई पोळ्या टाकायचं सोडून ओसरीत उभी होती.

"काकू, काहीतरी सपाट द्या," मिस्तरी ओरडला. "हवा कोंडली की बंद पडतंय."

आईनं हातातला पोळपाट दिला. मिस्तरीनं ट्रॅक्टरबरोबर चालत चालत बोनेटवरच्या हवा ओढायच्या नळीची टोपी उपटली आणि पोळपाट उलटा करून त्यावर दाबून धरला. इंजिन घुसमटलं, दोन आचके दिले आणि तुळशीपासून हातभर अंतरावर थांबलं. काका उतरले. "आवाज तोच हाय," एवढंच ते म्हणाले, आणि उपरण्यानं डोळे पुसून धुराला दोष दिला.

पोळपाटावर काळं गोल उमटलं ते उमटलंच. आईनं हिंगोलीहून नवा मागवला आणि तो येईपर्यंत आम्हाला भाकरीवर ठेवलं.

क्लच, ब्रेक, वायर सगळं झालं. यंदा ओली हळद शेतातून त्यानंच ओढून आणली. ट्रॉली भरली की चढावर त्याला दम लागतो, मग आम्ही उतरून मागून ढकलतो. काका मात्र उतरत नाहीत.