प्लास्टरचं पोतं

हमीदभाई गेल्याची बातमी मला शिरूरच्या कोर्टाच्या पायरीवर कळली, आणि डोळ्यांत पाणी येण्याआधी डोकं तापलं. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावलो. घोड नदीच्या वाळू-खडीचा ठेका घेणारा, मोठ्यानं बोलणारा, बाजारात कुणाचं वाक्य पुरं होऊ न देणारा हा माझा मित्र जन्मात एकाच माणसासाठी थांबला, आणि तो माणूस वेळेवर आला नाही.

तो माणूस म्हणजे पुण्याचे एक प्राध्यापक. नदीच्या जुन्या खडीत दगड झालेली हाडं सापडतात, हे त्यांनीच हमीदभाईंना दाखवलं. सुरुवातीला दोघांचं छान जमलं. साहेब यायचे, नदीकाठी पोत्यावर बसून भाकरी खायचे आणि समजावायचे, की हाड कोणत्या थरात आहे यावरून त्याचा काळ कळतो. उपटून काढलं की ते मुकं होतं. हमीदभाईंसाठी ती काळ्या दगडावरची रेघ झाली. खडीत काही दिसलं की खोरी थांबायची, वर गोणपाट पडायचं, पुण्याला तार जायची. मग साहेब येऊन हाडावर प्लास्टर चढवायचे आणि उचलून न्यायचे. मजूर म्हणायचे, ही राक्षसाची हाडं, मालकाला त्यानंच झपाटलंय.

मग कवठे येमाईच्या बाजूला, नदीच्या दरडीत, हत्तीचा सुळा दिसला. माणसाहून लांब. तार गेली. उत्तर आलं, ‘हात लावू नका, येतो.’ हमीदभाईंनी हौसेनं प्लास्टरचं पोतं आणून घराच्या पडवीत ठेवलं. साहेबांना आधी जीप मिळेना, मग दिल्लीची परिषद निघाली... वैशाख सरला. मी म्हणालो, “आपणच काढू या.”

“न्हाई वकीलसाहेब. आपन काढला तर त्यो नुसता दात. त्यांनी काढला तर पुरावा. वकिलाला ह्ये सांगाया पायजे व्हय?”

आषाढात घोड दुथडी भरून आली. पाणी उतरलं तेव्हा दरडच नव्हती. हमीदभाई काठावर उभे राहून म्हणाले काय, तर “साहेबांना लई वाईट वाटंल.” त्या वाक्याचा मला आजही संताप येतो. साहेबांना वाईट वाटलं असेलही, पण त्यानंतर ते इकडे फिरकले नाहीत. आणि हमीदभाई? खडीत काही दिसलं की ते गोणपाट टाकतच राहिले.

परवा साहेब हमीदभाईंच्या घरी आले. भेटायला. पडवीत बसून म्हणाले, हमीदभाईंचा संयम थोर होता, हौशी माणूस असावा तर असा. संयम म्हणे... आधी ताटकळत ठेवायचं आणि मग ताटकळणाऱ्याची तारीफ करायची, ही कुठली रीत?

निघताना बूट घालायला साहेब दाराशी टेकले. टेकले ते त्याच पोत्यावर. इतक्या पावसाळ्यांची ओल खाऊन आतल्या प्लास्टरचा दगड झालाय. गोणपाट कधीच झडून गेलं, त्याची वीण तेवढी वर उमटून राहिली आहे. हमीदभाईंनी ते कुणाला टाकू दिलं नव्हतं.

“साहेब, उठा त्याच्यावरून,” मी म्हणालो. माझा आवाज चढला होता.

हमीदभाई गेल्यापासून भाभी इद्दतीत होत्या, बाहेर येत नव्हत्या. पडद्याआडून त्या शांतपणे म्हणाल्या, “बसू द्या त्यांना, वकीलसाहेब. त्यांच्यासाठीच आणल्यालं हाय.”