गंध गेल्यावर

बेगम बाजारात हिंगाची पारख करायची असली की एकनाथरावांना बोलवायचे. माणूस बिदरकडच्या शेतकरी घरातला. विसाव्या वर्षी हैदराबादेत आला, किराणा मालाच्या एका ठोक दुकानात लागला आणि तिथंच राहिला. हिंगाचा खडा नखानं खरवडायचा, नाकाशी धरायचा, डोळे मिटायचे आणि यात पीठ किती, डिंक किती ते सांगायचं. त्यांच्या शब्दावर शेठ माल उतरवून घेई किंवा परत पाठवी.

१९९३ च्या उन्हाळ्यात, साठीला दोन वर्षं कमी असताना, तारनाक्याच्या घरी दूध करपलं. त्यांच्या पत्नी तारामतीबाई गच्चीवरून धावत खाली आल्या. एकनाथराव स्वयंपाकघराच्या दाराशीच पेपर वाचत बसले होते.

"अहो, घरभर वास सुटलाय. गॅस तरी बंद करायचा."

"लक्ष नव्हतं," ते म्हणाले.

लक्ष होतं, वास आला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांनी पाच प्रकारचे खडे एकापाठोपाठ एक नाकाशी धरले. पाचही सारखेच, खडूसारखे.

कोठी भागातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "वयाबरोबर होतं असं. परत येईल असं मी म्हणणार नाही. काही जणांची पुढे आठवणही कमी होते. सगळ्यांची नाही."

शेवटचं वाक्य एकनाथरावांनी ऐकलंच नाही. त्यांची आई अखेरच्या तीन वर्षांत त्यांना ओळखत नव्हती. "तुम्ही कुणाकडचे?" असं विचारायची आणि घाबरून भिंतीकडे सरकायची. त्या दिवसापासून अफजलगंजच्या बसमध्ये बसलं की ते मनातल्या मनात बाजारातल्या दुकानांची नावं ओळीनं म्हणू लागले. एखादं नाव अडलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. मागच्या गोदामात ते हिंग पाण्यात कालवून बघायचे, काडीवर जाळून बघायचे आणि बाहेर येऊन नाकानं ओळखल्यासारखं सांगायचे. दोन वर्षं तसं निभावलं.

मग लोणच्याच्या दिवसांत भामाबाई आल्या. नवरा गेल्यापासून त्या हॉस्टेलच्या मेसना लोणची घालून देत. "भाऊ, तुम्ही हो म्हणाल तो घेते," त्या म्हणाल्या आणि समोरच उभ्या राहिल्या. पाण्याची परीक्षा करायला सबब नव्हती. एकनाथरावांनी खडा नाकाशी धरला, नेहमीसारखे डोळे मिटले.

"घ्या. चांगला आहे."

दीड महिन्यानं त्या बरणी आणि उरलेला हिंग घेऊन परत आल्या. सगळं लोणचं कडवट झालं होतं, तीन मेसनी परत पाठवलं होतं. शेठनं हिंग हुंगला.

"इसमें तो कुछ बी नै है, एकनाथराव. तुम देखे थे ना?"

सगळे त्यांच्याकडे बघत होते. एकनाथरावांच्या तोंडातून निघून गेलं, "मी पाहिला तो हा नव्हे. दत्तोबानं दुसऱ्या पेटीतला दिला असेल."

दत्तोबा काट्यावर माल तोलायचा. बारा वर्षं तोलत होता. त्यानं एकदाच एकनाथरावांकडे पाहिलं. संध्याकाळी त्याला काढून टाकलं.

त्यानंतर एकनाथरावांचं जेवण तुटलं. विचारलं की म्हणायचे, "चव नाही." शेवटी तारामतीबाई त्यांना मागच्या गल्लीतल्या इंदुमतीबाईंकडे घेऊन गेल्या. त्या मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या. दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेली होती, समोरच्याचा चेहरा दिसत नसे, फक्त कडेचं दिसे. दर रविवारी सकाळी त्यांच्या पुढच्या खोलीत चार-पाच जण चटईवर डोळे मिटून बसत.

"श्वास नाकात कुठं लागतो ते बघा," त्या म्हणाल्या. "बाकी काही करू नका."

थोड्या वेळानं एकनाथरावांनी डोळे उघडले. "बाई, माझ्या नाकात काही उरलं नाही."

"वास मागू नका. वारा लागतोय का?"

"लागतोय."

"गार की कोमट?"

त्यांनी पुन्हा डोळे मिटले. "आत जाताना गार. येताना कोमट."

"तेवढंच. भीती आली तर तीही बघा. कुठं बसलीय, किती मोठी आहे. हाकलू नका, तिच्याशी बोलू नका."

"मग ती जाते?"

"माझी नाही गेली. सकाळी उठले की पहिल्यांदा भिंतीवरचं घड्याळ बघते. मध्ये काळा डाग दिसतो. रोज घाबरते. घाबरलेय हे कळतं आता, एवढाच फरक. पूर्वी सुनेवर ओरडायचे."

एकनाथराव रविवारी जाऊ लागले. भीती बेंबीच्या वर बसलेली असायची, मुठीएवढी. बघत राहिलं की ती कधी घट्ट व्हायची, कधी सैल. सैल झाली की तिच्या मागून दत्तोबाचा चेहरा यायचा, आणि तो भीतीपेक्षा अवघड होता. चौथ्या महिन्यात त्यांनी इंदुमतीबाईंना सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "इथं बसणं ही त्याच्याकडे न जाण्याची सबब करू नका."

एकनाथरावांनी शेठला खरं सांगितलं. शेठनं मान खाली घालून ऐकलं. आता कंपन्यांची सीलबंद पाकिटं येऊ लागली होती, हुंगण्यासारखं फारसं राहिलंच नव्हतं. "गल्ल्याजवळ बसा पाहिजे तर," तो म्हणाला. एकनाथराव बसले नाहीत. पण दत्तोबाला परत घेण्याचा शब्द घेऊनच निघाले. भामाबाईंकडेही गेले. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि आपल्या कामाला लागल्या.

दत्तोबा सिकंदराबाद स्टेशनावर पार्सलचे गठ्ठे उचलत होता. छातीला कापड बांधलेलं, खोकत होता. त्यानं उभ्या उभ्याच ऐकलं.

"पोरीचं जमलेलं मोडलं," तो म्हणाला. "बाप माल बदलतो म्हणाले. आता शेठनं बोलावलं तर ते लोक परत येतात का?"

"नाही."

"तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हणून आलात ना?"

"तेही आहे," एकनाथराव म्हणाले. दत्तोबा गठ्ठ्याकडे वळला. दुकानात तो परत आला नाही. पुढच्या वर्षी क्षयानं गेल्याचं कळलं.

१९९८ पासून एकनाथरावांना खरंच विसरायला होऊ लागलं. आधी बसचे नंबर, मग शेजाऱ्यांची नावं. पण आता ते लपवत नव्हते. एका दुपारी नात शाळेतून आली तेव्हा ते खुर्चीत ताठ बसले.

"तुझं नाव आत्ता येत नाही मला," ते म्हणाले. "भीती वाटतेय. जरा इथं बस."

"शिल्पा, आजोबा. टेन्शन नका घेऊ ना."

"घेत नाही. आलंय ते." त्यांनी पोटावर हात ठेवला आणि श्वास मोजल्यासारखे बसून राहिले. शिल्पा दप्तर पाठीवर तसंच ठेवून शेजारी बसली.

दोन वर्षांनी रविवारी कुठं जायचं असतं तेही त्यांना आठवेना. मग इंदुमतीबाईच भिंत चाचपत येत आणि त्यांचा हात धरून बसत. काही दिवस ते शांत असत. काही दिवस हात सोडवून घेत आणि मुलाला, शिवराजला, "हे घर कुणाचं?" असं पुन्हा पुन्हा विचारत. २००२ च्या फेब्रुवारीत ते गेले.

तेराव्याला इंदुमतीबाईंनी तारामतीबाईंना विचारलं, "शेवटी फार घाबरत होते का हो?"

"घाबरत होते," तारामतीबाई म्हणाल्या. "पण सांगायचे. भीती वाटते म्हणायचे, मी जवळ जाऊन बसायचे. पूर्वी तेही नव्हतं."