कुसुमचं शुद्ध मराठी

परवा सावेडीत कुसुमचा सत्कार होता, निवृत्त प्राचार्या म्हणून. मला वाचायला दिलेल्या मानपत्राची घडी उलगडताना बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीचं कॉलेजचं गॅदरिंग आठवलं.

कोल्हारची कुसुम माझी हॉस्टेलच्या खोलीतली मैत्रीण. कॉलेजात सेक्रेटरी म्हणून निवडून आलेली ती पहिलीच मुलगी. तिची भाषणं मीच लिहून दिली होती. ते पद मलाही हवं होतं, हे तिला माहीत नव्हतं.

फिशपॉन्डच्या निनावी चिठ्ठ्या स्टेजवर सेक्रेटरीनेच वाचायच्या असत. तिने एक उघडली आणि खणखणीत आवाजात वाचली, "आमची सेक्रेटरी लई हुशार हाय, पर तिला मराठी येत न्हाई."

हॉल हसून लोळला. पुढच्या रांगेतले सरही हसले. कुसुम मात्र चिठ्ठीवरच्या अक्षराकडे बघत राहिली.

खोलीवर आल्यावर मी विचारलं, "जेवलीस का?" एरवी ती "व्हय गं" म्हणायची. त्या दिवशी म्हणाली, "हो. आपण जेवून घ्या."

परवाही तिने मला हात जोडले. "आपण आलात, बरं वाटलं."

मग खुर्च्या लावणाऱ्या बाईंकडे वळून म्हणाली, "लई दमलीस गं, बस जरा माझ्यापाशी."