सात वाड्यांवर एकच नाव

मला पत्रकं लिहिता येतात. अवसरी खुर्दला इंजिनिअरिंग शिकत असताना तो नाद लागला. काय मागतोय, कोणाकडे मागतोय आणि कधीपर्यंत हवंय, हे एका पानात बसलं पाहिजे. न बसलं तर आपल्यालाच काय हवंय ते कळलेलं नाही असं समजावं. त्यामुळे पुण्याच्या एका छोट्या संस्थेने मला मेंढरांच्या लसीकरणाचं वेळापत्रक करायला घेतलं, तेव्हा मला वाटलं, हे तर आपलंच काम. काय, कोणाकडे, कधीपर्यंत.

काम असं होतं. दिवाळी झाली की आमच्या भागातले मेंढपाळ मेंढरं घेऊन घाट उतरतात आणि कोकणात जातात. त्यांच्या एकेका बिऱ्हाडाला, म्हणजे कळप, घोडी, कोंबड्या, कुत्री आणि माणसं मिळून जे काही चालतं त्याला, वाडा म्हणतात. राजुरीपासून बेल्ह्यापर्यंतच्या रानांत असे सात वाडे उतरले होते. ते निघायच्या निदान पंधरा दिवस आधी लस टोचायला हवी, नाहीतर अंगात ताकद येत नाही आणि वाटेत साथ आली तर गेलं सगळं. दोन डॉक्टर मिळाले होते. त्या शेवटच्या तारखेपर्यंत मोजून सात सकाळी हातात होत्या. त्यातली एक बेल्ह्याच्या बाजाराची. त्या दिवशी कोणीही मेंढपाळ दुसऱ्या कशाला सापडत नाही. म्हणजे सहा.

सातपैकी एक वाडा माझ्या आत्याचा.

माझ्या वडिलांनी मेंढरं सोडून शेती धरली, आत्याने सोडली नाहीत. मामा, म्हणजे तिचा नवरा, गेल्यावरही नाहीत. दोन वर्षांपूर्वी घाटाखाली साथ आली आणि तिची सगळी कोकरं गेली. एकही उरलं नाही. मी भेटायला गेले तेव्हा ती रिकामी डालगी उन्हात घालत होती. चालताना कोकरं ज्यात ठेवतात ती डालगी. मला म्हणाली, "वास जाईना बग त्येंचा." एवढंच. मी त्याच आठवड्यात पत्रक लिहिलं. ते कोणी वाचलं की नाही कोण जाणे. म्हणून या वेळी वेळापत्रक माझ्या हातात आलं तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं: बाकी काही होवो न होवो, आत्याच्या मेंढरांना सुई वेळेत लागणार.

संस्थेचं एक सॉफ्टवेअर होतं. कोणतं काम, कोणी, किती दिवसांचं, कशाच्या नंतर, हे भरलं की तेच तारखा मांडून देतं. पहिल्याच पानावर माझं डोकं फिरलं. 'घर क्रमांक' भरल्याशिवाय ते पुढे जाऊच देईना. ज्याचं घर घोडीच्या पाठीवर आहे त्याने कोणता क्रमांक टाकायचा? मी ऑफिसातल्या बाईंना फोन लावला. पन्नाशीच्या, हे सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या एकट्या त्याच. मी बोलायला लागले की त्यांच्याकडे कुकरची शिट्टी व्हायची, असा आमचा मेळ.

"ही रचनाच माणसं वगळणारी आहे," मी म्हणाले.

"असेल. तो रकाना तुला बदलता येतो. सेटिंगमध्ये जा."

बदलला. 'घर क्रमांक' काढून 'सध्या कोणाच्या रानात' असं केलं. मग कामाची वेळ बदलली. तिथे नऊ ते पाच लिहिलेलं. मेंढरं नऊ वाजता रानात चरायला जातात ती दिवेलागणीला परत, मग दुपारी डॉक्टर काय बाभळीला सुई टोचणार? मी सकाळी सहा ते नऊ केलं. बाजाराच्या दिवशी सुट्टी लावली. सात वाडे भरले, आपल्या घरचं शेवटी या शिस्तीने आत्याचा सातवा. बटण दाबलं.

जवळजवळ सगळ्या तारखा लाल, म्हणजे मुदतीबाहेर. एकेका वाड्याला तीन-तीन सकाळी. आत्याचं काम तर दिवाळीच्याही पलीकडे गेलेलं, ती घाट उतरून गेल्यावर.

मी काय केलं असेल? पत्रक लिहिलं. 'मेंढपाळ नेहमी शेवटीच का?' चार परिच्छेद, शेवटी मागणी. संस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. अर्ध्या तासात बाईंचा फोन.

"चांगलं लिहितेस गं. आता मला सांग, एका वाड्याला किती वेळ लागतो म्हणून भरलंस?"

"एक दिवस."

"त्याच्या लेखी एक दिवस म्हणजे आठ तास. आणि तू रोजचे तीनच तास दिलेस. तीन, तीन आणि दोन. तो बिचारा तीन दिवस लावणार नाही तर काय?" शिट्टी झाली. "त्याला सांग, आमचा दिवस तीन तासांचा असतो. तेही सेटिंगमध्येच आहे."

सांगितलं. वेळापत्रक झरझर आवळलं. मी ग्रुपवर लिहिलं, "चूक माझी होती." आयुष्यात एवढं छोटं पत्रक मी लिहिलं नव्हतं.

पण आत्या लालच. सहा सकाळी, सहा वाडे, रोज एक. आणि तिचा सातवा, शेवटची तारीख उलटून गेल्यावर. आता मात्र मी खरंच भडकले. डॉक्टर दोन आहेत, मग रोज दोन वाडे व्हायला हवेत. चार सकाळी पुरे होतात! मी तारखा हाताने मागे ओढल्या. ते पुन्हा पुढे ढकलायचं. मी ओढायची, ते ढकलायचं. अर्धी दुपार आमची झोंबाझोंबी चालली.

"तुमचं यंत्र हट्टाने हिलाच मागे टाकतंय," मी बाईंना सांगितलं.

"यंत्राला काय कळतंय कोण ते. माणसांची यादी उघड. एकच माणूस दोन ठिकाणी लावलायस का?"

मी यादी उघडली. सातही वाड्यांसमोर, 'डॉक्टरांना जागेवर कोण नेणार' या रकान्यात एकच नाव होतं. आत्याचं. मीच भरलेलं. मी प्रत्येक वाड्याला फोन करून विचारलं होतं, तुम्ही त्या दिवशी कुठे असाल ते कोण सांगेल? आणि सहाच्या सहा जणांनी एकच उत्तर दिलं होतं, "आक्काला इचारा."

त्याला कारण आहे. शेतकऱ्याला खतासाठी मेंढरं रानात बसवून हवी असतात. कोणाचं रान कधी मोकळं होतंय, कोण धान्य किती देईल, कोणाचा कुत्रा चावरा आहे, कोणाची विहीर पिण्याजोगी, हे सगळं आत्या पुढे जाऊन ठरवून येते. स्वतःसाठी आणि उरलेल्या सहांसाठीही. कोणी तिला नेमलेलं नाही. पायाला भेगा पडेपर्यंत चालते आणि शेतकऱ्यांशी भांडते, एवढीच तिची नेमणूक.

सॉफ्टवेअरने फक्त एवढंच पाहिलं होतं की ही बाई एका वेळी एकाच ठिकाणी असू शकते. म्हणून सहा ठिकाणं झाल्यावर तिचा नंबर. मी यादी बाईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "आमच्याही घरी हेच आहे बघ."

उपाय सोपा होता. मी सहाही जणांना पुन्हा फोन लावले. तुमच्या वाड्यावर डॉक्टरला तुम्हीच न्यायचं.

"आनि आक्का?"

"आक्काला काम आहे. तुम्ही कुठे आहात ते तुम्हाला माहीत नाही का?"

"आमाला म्हाईत हाय की. पन तुमी इचारलं कोन सांगल, म्हनून आक्का." एकजण तर म्हणाला, "ताई, आक्काला न इचारता केलं आन उद्या आक्का फिरली तर आमाला रान कोन द्यायचं? तुमी?"

शेवटी सगळे कबूल झाले. सहा नवी नावं घातली, आत्याचं नाव फक्त तिच्या वाड्यापुढे ठेवलं. चार सकाळी, रोज दोन वाडे, सगळं हिरवं. मी लॅपटॉप पाठीला लावला आणि स्कूटीवरून थेट राजुरीच्या रानात तिच्याकडे गेले.

आत्या वाघरीची भोकं विणत बसली होती. रात्री मेंढरांभोवती लावायची ती जाळी. मी तिच्या मांडीजवळ बसून पडदा दाखवला. इथे सहा ठिकाणी तुझं नाव होतं आत्या, ते काढलं, आता तू मोकळी. तिला वाचता येत नाही, पण रंग कळतात. हिरव्याकडे पाहून तिने मान हलवली. मग हातातली सुतळी तशीच धरून म्हणाली,

"माझं नाव काडलंस?"

"तुझ्यासाठीच ना."

"मंग मी काय करू गं? माज्याच मेंढरांजवळ बसू?"

मला वाटलं होतं ती खूश होईल. मला चांगली चार वाक्यं पाठ होती: बायकांच्या फुकट राबण्यावर, घरच्या बाईने शेवटी जेवण्यावर. पत्रकात छापून झालेली, खरी वाक्यं. त्यांतलं एकही इथे चालणारं नव्हतं. तिचा चेहराच उतरला होता. दोन वर्षांपूर्वी डालगी उन्हात घालताना ती अशी दिसली नव्हती. नवरा, कोकरं, सगळं जाऊनही हिच्याकडे जे उरलं होतं ते मी सहा फोनांत काढून घेतलं होतं. सहा माणसं आपल्याला विचारल्याशिवाय हलत नाहीत, हे.

मी लॅपटॉप मिटला. "आत्या, तुला सातही ठिकाणी जायचंय. पण ते एका वेळी होत नाही. हे यंत्र म्हणतं ते खोटं नाही."

"खोटं कुटं म्हनलं मी?" तिने सुतळी दातांनी तोडली. "मला सात ठिकानी जाता येत न्हाई, बराबर हाय. मंग त्या साती ठिकानांना आन की माज्याकडं."

"म्हणजे?"

"आगं, बाजरी निगालीया. हितनं वढ्यापातूर समदी रानं मोकळी. कांद्याला खत नको का त्येंला? बांधाला बांध लावून बसवते साती वाडे. एका हाळीवर."

इतके दिवस मी माणूस हलवत होते, तारीख हलवत होते. जागा हलवता येते हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. जागा हलवत जगणाऱ्या घरातली मी!

"बसू देतील शेतकरी?"

"त्येंचा बा दील." आणि लगेच फोन काढून माझ्या हातात दिला. "लाव गं पैला त्या वाकड्या शिंगाच्या बैलवाल्याला. त्यो हो म्हनला की बाकीचे रुसत्यात आन सोताच फोन करत्यात."

तसंच झालं. तिसऱ्या फोननंतर लोकच तिला फोन करायला लागले, आमचंबी रान घ्या म्हणून. एकाला तर तिने ठणकावलं, "गेल्या साली ताक मागितलं तर कुत्रं सोडलं व्हतंस. आता लायनीत ऱ्हा." दोन्ही डॉक्टरांना मी फोनवरच विचारून घेतलं. साथ आलेली नाही, कळप आपापल्या वाघरीत राहणार, मग चालेल, म्हणाले. मी वेळापत्रकात सातही जागी एकच रान लिहिलं आणि 'कोण नेणार' या रकान्यात आत्याचं नाव पुन्हा सात वेळा टाईप केलं; जागा एकच, म्हणून या वेळी काही लाल झालं नाही. कॉपी-पेस्ट करता आलं असतं. केलं नाही.

पहिल्या सकाळी सहाला दोन्ही डॉक्टर बर्फाच्या पेट्या घेऊन हजर. एक ओढ्याच्या बाजूच्या वाड्यावर गेले, दुसरे आत्याच्या शेजारच्या. सात वाघऱ्या, सात रंगांची कुत्री, धुकं आणि मधे आत्या. "त्ये हिकडं घ्या", "आगं गाभन हाय ती, सावकाश", "डागतर, च्या घेता का आदी?" जाण्यायेण्याचा वेळ वाचल्याने कागदावर पहिल्या सकाळी तीन वाडे होते, शेजारच्यानंतर तिचा. पण शेजारचा वाडा संपला तेव्हा ती डॉक्टरांना सरळ पलीकडे, एका म्हाताऱ्याच्या वाघरीकडे घेऊन निघाली.

मी आडवी गेले. "आत्या, आता तुझा."

"माजी काय पळून जात्यात? आदी त्या म्हाताऱ्याची होऊ दे. त्येच्याकडं मानसं न्हाईत धराया."

"आत्या, यादीत—"

"यादी तुजी. मानसं माजी."

तेवढ्यात डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली. "यात चाळीसेक डोस उरलेत आणि हे औषध एकदा कालवलं की टिकत नाही. तिकडे चालत जाण्यात आणि मेंढरं धरण्यात वेळ घालवण्यापेक्षा इथलं जवळचं संपवू. नाहीतर फेकायला लागेल."

"फेकायचं?" आत्या थबकली. औषध, भाकरी किंवा पाणी टाकून देणं हे तिच्या हातून होणारं काम नाही. तिने एकदा बाटलीकडे, एकदा म्हाताऱ्याच्या वाघरीकडे पाहिलं. "म्हंजे आता माज्यातलीच घ्यावी लागतील की वं."

"घ्यावीच लागतील," मी डॉक्टरांच्या आधी म्हणाले.

"तू गप. ये हिकडं, धर."

मी कधी मेंढरू धरलं नव्हतं. माझ्या वडिलांनी आम्हाला शाळेत घातलं तेव्हाच ते सुटलं. पहिली मेंढी माझ्या दोन्ही हातांतून निसटली आणि मी शेणात बसले. शेजारच्या वाड्यावरचा पावणा मोठ्याने म्हणाला, "कालिजात शिकवलं न्हाई व्हय, ताई?" आत्याने माझं मनगट धरून माझा हात मेंढीच्या हनुवटीखाली नेला, गुडघ्याने तिला माझ्या पोटाशी दाबलं. "आशी. दाबू नगं. तिला कळू दे तू हाईस."

चाळीस संपल्या तरी तिने थांब म्हटलं नाही. डॉक्टरांनी दुसरी बाटली कालवली. टोचलेल्या प्रत्येक मेंढीच्या पाठीवर आत्या निळा रंग लावत होती आणि कोकरांपाशी आली तेव्हा तिने एकेकाला स्वतः उचललं, सुई लागेपर्यंत छातीशी धरलं, मग खाली ठेवलं. घाई केली नाही. पलीकडून म्हातारा दोनदा हाळी घालून गेला, "आक्का, आमचं कवा?" दोन्ही वेळा तिने मागे न बघता सांगितलं,

"थांब की जरा. माजी कोकरं चालली हाईत."