डोमा तितिरमारेची मोजणी

स्वतःच्या जागेवर स्वतःच्या हाताने यंत्र बसवून देणारा आणि वर सगळ्यांना चहा पाजणारा एकच माणूस मी पाहिला. डोमा तितिरमारे. तुमसर तालुक्यातल्या एका मँगनीज खाणीत तो गाडी चालवायचा. खाणीचं नाव सांगत नाही. मी तिथे टाइम ऑफिसात कारकून होतो, आणि माझंही नाव सांगण्याच्या लायकीचं नाही.

डोमा मूळचा लाखांदूरकडचा. गावात असताना खळ्यावर कुडवाने धान मोजायचं काम त्याच्याकडेच असे, कारण आवाज खणखणीत आणि मोजणी कधी चुकायची नाही. जमीन भावांनी दाबली, तेव्हा एकाहत्तर साली तो खाणीत आला. जमिनीखालच्या बोगद्यांतून खनिज ओढणारी बुटकी डिझेल गाडी त्याच्या हाती आली आणि तिच्यावर त्याचा जीव जडला.

ब्याऐंशी साली त्याला काचबिंदू झाला. भंडाऱ्याला डॉक्टरकडे मीच घेऊन गेलो होतो. बाजूचं दिसणं गेलेलं, समोर भोकाएवढी जागा उरलेली, तीही जाणार होती. परत येताना एसटीत त्याने माझं मनगट घट्ट धरलं.

"बाबू, कोणाले सांगू नोको. सीट गेली का क्वार्टर गेला. शकुनले घेऊन मी कोठं जाऊ?"

शकुनबाई म्हणजे त्याची बायको. तिला दमा होता, आणि माहेर म्हणावं असं कोणी उरलं नव्हतं. मी शब्द दिला. शब्द द्यायला कारकुनाचं काय जातं?

पुढची चार वर्षं डोमाने गाडी मोजणीवर चालवली. मागच्या फाटलेल्या टायरला आतून गेटर, म्हणजे जाड रबरी ठिगळ, मारलेलं होतं, त्यामुळे चाकाच्या दर फेऱ्याला एक हिसका बसायचा. ते टायर तो बदलू देत नसे. हिसके मोजायचे, ठरलेल्या आकड्यावर वळायचं आणि वळलं की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. मोजायचा मात्र खळ्यावरच्यासारखं, मोठ्याने. खळ्यावर पहिल्या मापाला कोणी एक म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात, आणि मग दोन, तीन. बोगद्यात त्याचा आवाज घुमला की माणसं आपोआप भिंतीला चिकटायची. चार वर्षांत त्याने कोणाला साधं खरचटूही दिलं नाही.

शहाऐंशीच्या एप्रिलमध्ये नागपूरचा एक प्राध्यापक आला. सोबत दोन मदतनीस आणि ट्रंकेएवढी एक पेटी. तो म्हणाला, "पुढे परदेशात गाड्यांना उपग्रह वाट दाखवतील. पण उपग्रहाचा संदेश जमिनीखाली पोचत नाही. तिथे गाडीला स्वतःच शिकावं लागेल." ही पेटी शिकणारी होती. ड्रायव्हर कुठे वळतो, कुठे ब्रेक लावतो ते पाहायची, मग स्वतः अंदाज करायची, आणि चुकली की स्वतःला दुरुस्त करायची. तिला शिकवायला सगळ्यात बिनचूक ड्रायव्हर हवा होता. मॅनेजरने डोमाला दिलं.

डोमा आकडा बोलायचा आणि शेजारी बसलेला मदतनीस पेटीचं बटण दाबायचा. दोन महिने असं चाललं.

पंधरा जूनला मॅनेजरच्या खोलीत प्राध्यापकाने आलेख पसरले. डोमा दाराशी हात जोडून उभा होता. प्राध्यापक इंग्रजीत बोलत होता, आणि अगदी खुशीत. "आम्ही वाटेत तीनदा मुद्दाम रिकामं पिंप ठेवलं. तिन्ही वेळा त्याने ब्रेक लावला नाही, पिंप उडालं. पण वळणं? एकही चुकलं नाही! या माणसाला दिसत नाही, साहेब, हा नुसत्या मोजणीवर चालवतो. मला हवा तसाच हा आहे!"

"काय म्हणते साहेब?" डोमाने मला हळूच विचारलं.

"तुझी तारीफ करतोय," मी म्हणालो.

डोमाने वाकून प्राध्यापकाच्या पायाला हात लावला. मॅनेजर हसला आणि मला इंग्रजीत म्हणाला, "याला कामावरून कमी केल्याचं पत्र आज टाईप करा. तारीख आजची. पेटी शिकेपर्यंत द्यायचं नाही. तोवर बोगदा रिकामा असताना गाडी चालू दे."

मी पत्र टाईप करून खणात ठेवलं आणि गप्प बसलो. माझाही क्वार्टर होताच की.

डोमा मात्र हरखला होता. पेटी चांगली निघाली तर साहेब आपल्याला तिच्यावर कायम ठेवतील, असं तो शकुनबाईला रोज सांगायचा. पावसाळाभर त्याने जीव तोडून शिकवलं. ऑगस्टमध्ये चाकाला फेरे मोजायचं यंत्र बसवलं आणि पेटीवर गाडी सोडली. ती दर वळणावर एक फेरा आधीच वळली आणि भिंतीला घासली. प्राध्यापकाने आठवडाभर डोकं खाजवलं. शेवटी डोमानेच त्या मदतनिसाला विचारलं, "'लाभ'ले बटन दाबत होतास का?"

त्या शहरातल्या पोराला वाटलं होतं, म्हातारा देवाचं नाव घेऊन सुरुवात करतो. तो दोनपासून बटण दाबत आला होता. तो एक फेरा वाढवला आणि सप्टेंबरात गाडी सगळा बोगदा फिरून आली, कुठेही न घासता. डोमाने कँटीनमध्ये सगळ्यांना चहा पाजला. मीही प्यालो.

दुसऱ्या दिवशी मी त्याला पत्र दिलं.

"वाचून दे ना बाबू. कायम केलं ना?"

मी वाचलं. पेटीच्या नोंदींवरून नजर अधू असल्याचं दिसलं, ते लपवलं म्हणून कामावरून कमी करण्यात येत आहे, आठ दिवसांत क्वार्टर रिकामा करावा.

"तारीख कोणती हाये?"

"पंधरा जून."

"म्हणजे मी तिले शिकवून राहिलो होतो, तवा हे तुह्या खणात होतं?"

"होतं."

"त्या पेटीनं तरी जे दिसलं ते सांगून टाकलं, बाबू. तुले तं सारंच दिसत होतं."

ऑफिसला पोच लागते. त्याला सही येत होती, पण कागदावरची रेघ दिसेना. मी शाईचा पॅड पुढे ओढला, त्याचा अंगठा धरला आणि जिथे टेकवायचा तिथे टेकवला.