शेवटच्या ओळीचं तोंड

“शकीलभाई, शेवटच्या ओळीला चित्रातल्या पोराचं तोंड हलतंय, पण ओळच नाहीये,” सना काचेपलीकडच्या बूथमधून म्हणाली. हेडफोन तिने गळ्यात उतरवले होते. बाकीचं गाणं तिने झकास गायलं होतं आणि मी टेक संपला समजून चहा सांगायच्या बेतात होतो.

शहरातल्या छावणी भागात माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. निवडणुकीच्या रिक्षांवरच्या घोषणा, गॅदरिंगचे ट्रॅक, कव्वाल्या, भीमगीतं, येईल ते करतो. अॅनिमेचं काम पहिल्यांदाच आलं होतं. अॅनिमे म्हणजे जपानी कार्टून मालिका. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला दीडेक मिनिटाचं गाणं असतं, त्याला ओपनिंग म्हणतात. सना, तुषार आणि अनिकेत या कॉलेजच्या दोस्तांनी आपल्या लाडक्या मालिकेसाठी हौसेनं स्वतःची मराठी ओपनिंग करायला घेतली होती. शब्द सनाचे, चाल तुषारची, चित्रं अनिकेतची. एक पोरगा देवगिरी किल्ल्याच्या पायऱ्या धावत चढतो, वर पोचतो, आपल्याकडे वळतो आणि शेवटची ओळ गातो.

एरवी गाणं आधी आणि चित्रं नंतर. अनिकेतला दम निघेना. तुषारने गुणगुणलेल्या गाइड ट्रॅकवर, म्हणजे कच्च्या चालीवर, त्याने चित्रं काढायला सुरुवात केली. ‘शेवटची ओळ मात्र मीच देणार’, असं त्याने सगळ्यांना बजावलं होतं. एका दुपारी त्याने उरलेली चित्रं तुषारला पाठवली, ‘ओळ तिकडे येऊन सांगतो’ असा मेसेज केला आणि पाचोडहून मोटरसायकलवर निघाला. वाटेत उभ्या ट्रकवर मागून आदळला. जागच्या जागी गेला.

त्याचे वडील माझ्या मागच्या खुर्चीत बसले होते. पाचोडला त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. पोरं त्यांना आबा म्हणत होती, म्हणून मीही म्हणायला लागलो. मला वाटलं, मुलाची आठवण म्हणून आले असतील.

“मी लिहिलीय ओळ,” तुषार आबांना ऐकू जाणार नाही असं पुटपुटला आणि मोबाइल घेऊन बूथमध्ये गेला. सनाने वाचलं. तिचा चेहरा उतरला, पण तिने हेडफोन लावले. मी रेकॉर्ड दाबलं.

“आबा, दार उघडा, मी आलो.”

स्क्रीनवरच्या पोराच्या तोंडात ती ओळ चपखल बसली. माझ्या मागे खुर्ची करकरली. आबा उठून स्क्रीनपाशी आले होते.

“हेच म्हनतोय का तो?”

“हो, आबा,” तुषार बूथमधून म्हणाला.

“शकीलभाई, तुम्ही सांगा. तुमचा धंदा हाय ह्यो.” आबांनी माझ्या खुर्चीची पाठ धरली. “त्या दिवशी सकाळी मी त्याला बोललो व्हतो. ही कार्टूनं काढायची असतील तर पुन्हा या घरात पाय ठेवू नको म्हनलो. दुपारी असं झालं. रस्ता सरळ. ट्रक लांबून दिसत व्हता. चुकून धडकला का मुद्दाम, मला कळंना झालंय. लई दिवस झाले, डोळ्याला डोळा नाय.”

“आबा, तो पोरांना ओळ सांगायला निघाला होता. मेसेज आहे,” मी म्हणालो.

“ते सांगितलं मला पोरांनी. तेवढ्यानं झोप येत नाय.”

आता तुषारचा डाव मला कळला; आबांना झोप लागावी म्हणून त्याने ही ओळ अनिकेतच्या नावावर खपवली होती. त्याचा राग आला आणि त्याची कीवही आली. खोटेपणाचं मला वावडं नाही. बेसुऱ्या पुढाऱ्यांना सुरात आणून मी पोट भरतो. पण हा माणूस ही ओळ रोज लावून ऐकणार होता. मग एखाद्या दिवशी कोणीतरी शहाणा त्याला खरं सांगणार होता.

“आबा, कार्टूनमध्ये बोलणाऱ्याला बहुतेक वेळा तीनच तोंडं असतात,” मी म्हणालो. “मिटलेलं, अर्धं उघडं, पूर्ण उघडं. तीच आलटून-पालटून लावतात. शब्दांप्रमाणे ओठ कोणी काढत बसत नाही. अनिकेतनेही तसंच केलंय.”

“म्हंजे?”

“सना, त्याच चालीवर म्हण, ‘चहा ठेवा, दूध नाही.’”

“नक्को, भाई. मेरे से नै होता,” सना म्हणाली. ती रडत होती.

मग मीच माझ्या घोगऱ्या आवाजात म्हटलं आणि त्या जागी लावून दाखवलं. देवगिरीवरचा पोरगा आपल्याकडे वळला आणि दूध नसल्याचं सांगून गेला. तेही तितकंच चपखल बसलं. कोणी हसलं नाही.

“मंग काय बी बसंल त्यात,” आबा म्हणाले.

“हो.”

“शिवी बी?”

“बसेल, आबा.”

त्यांनी स्क्रीनवरच्या पोरावर बोट ठेवलं. मग म्हणाले, “तर मंग रिकामं ठेवा. त्याचं त्याच्यापाशी राहू द्या.”

मी तुषारची ओळ काढून टाकली. आता मिक्सिंगची अडचण होती. मिक्सिंग म्हणजे सगळे आवाज एकमेकांत नीट बसवणं. त्या जागी गिटार आणि ड्रम ऐन भरात होते, आणि सगळं एकदम बंद केलं की ऐकणाऱ्याला वाटतं वायर निघाली. म्हणून वाद्यं आधीपासून हळूहळू खाली आणावी लागली. त्यातही नुसती शांतता चालत नाही, ती मेल्यासारखी वाटते. तिथं रूम टोन टाकतात, म्हणजे रिकाम्या खोलीचा आवाज. गप्प खोलीलाही तिचा असा एक आवाज असतो. तो रेकॉर्ड करायला मी सनाला आणि तुषारला बाहेर बोलावलं.

“मी थांबलो तर चालंल का आत?” आबांनी विचारलं.

नियमाने आत कोणी असू नये. मी हो म्हणालो. आबा चपला काढून आत गेले आणि माइकसमोर हात बांधून उभे राहिले. आवाजाच्या मीटरवर तेवढा त्यांचा श्वास हलत होता. एरवी असले श्वास मी वेचून काढतो. हा ठेवला.

जाताना जिन्यावर ते थांबले. “मुद्दाम का चुकून, ते आता मला कोन बी सांगनार नाय,” म्हणाले. मी त्यांना हात धरून खाली नेलं आणि रिक्षात बसवलं.

पोरांनी ओपनिंग इंटरनेटवर टाकली. बघणाऱ्यांनी चित्रांची तारीफ केली. एकाने लिहिलं, ‘तुमच्या साउंडवाल्याने शेवटची ओळ चुकून म्यूट केली वाटतं.’ पोरांनी उत्तर दिलं नाही, मीही नाही.

त्यानंतर आधी चित्रं काढून आणणारे आणखी काही जण आले. मशीन चालू करण्याआधी मी विचारतो, ओळी सगळ्या लिहून झाल्या का? ‘शेवटची राहिलीय, येऊन सांगतो’ असं कोणी फोनवर म्हणालं, तर मी त्याला आधी ती मेसेजवर पाठवायला लावतो. गाडीला किक त्यानंतर मार म्हणतो.