वाकलेला दांडा

सायकलवरच्या एका अनोळखी आजोबांना वाचवताना माझ्या मुलीने गाडी फुटपाथच्या कडेवर आदळली. आजोबा सुखरूप होते, तीही. मी मात्र गॅरेजपर्यंत तिला बोलत राहिलो.

इक्बालभाईंनी चाक उतरवलं. रिम चेपली होती, चाकाला धरून ठेवणारा दांडा वाकला होता. तो त्यांनी माझ्या हातात दिला.

"साहेब, हा नवा मिळतो. माणूस नाही मिळत. पोरीने बरोबर केलं."

ती तोंड फिरवून डोळे पुसत होती. त्या लोखंडाने सगळा धक्का स्वतःवर घेतला होता. मला साधा धीरही देता आला नव्हता. मी मनोमन हात जोडले, इक्बालभाईंना आणि त्या दांड्यालाही.

गाडी दुरुस्त झाल्यावर मी किल्ली तिच्यापुढे धरली.

"बाबा, मी?"

"तूच," म्हणालो, आणि शेजारी बसून पट्टा लावला.